मुक्तद्वार रंगमंदिर

शहरातील काही गोष्टी अशा असतात की, त्यांचा लाभ घेण्यासाठी कोणालाही आपली ऐपत दाखवावी लागत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड धनिकाच्या आणि हमालाच्या वाटेवर सारखाच पडतो. सार्वजनिक बागेच्या फाटकाशी कोणी पैसे मागत नाही. सार्वजनिक ग्रंथालयात शिरलेल्या मुलाला, “तुझे वडील काय कमावतात?” असे कोणी विचारीत नाही, त्याच्या हातात पुस्तक येते आणि त्या पुस्तकातील राजे, वीर आणि विदूषक त्याच्याशी बोलू लागतात. नाटकाची गोष्ट मात्र निराळी समजली जाते. नाटक म्हटले की तिकीट आले; तिकीट आले की पुढच्या खुर्च्या आणि मागच्या खुर्च्या आल्या; आणि त्यांच्याही पलीकडे, दाराबाहेरच राहिलेली माणसे आली. ग्रंथालयाचे दार जसे सर्वांना उघडे, तसे नाटकगृहाचे का असू नये? हा साधा प्रश्न अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात एका माणसाने विचारला आणि त्याचे उत्तर देण्यात आपले सारे आयुष्य वेचले. त्या माणसाचे नाव जोसेफ पॅप.

जोसेफचा जन्म २२ जून १९२१ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन या भागात झाला. त्याचे आईवडील पूर्व युरोपातून पोटासाठी अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित होते. वडील ट्रंका तयार करण्याचे काम करीत. आई शिवणकाम करी. काम मिळाले तर चूल पेटे, न मिळाले तर उधारीवर दिवस काढावे लागत. घरात इंग्रजी नव्हे, यिडिश भाषा बोलली जाई. लहानगा जोसेफ रस्त्याच्या कडेला बसून लोकांचे बूट पुसून देई आणि मिळालेली नाणी घरी आणून देई. अशा घरातील मुलाने नाटकाचे तिकीट काढावे, ही कल्पनाही कोणाच्या मनात येण्यासारखी नव्हती.

परंतु त्याच शहराने या मुलाला दोन गोष्टी काहीही न मागता दिल्या होत्या. एक म्हणजे उद्यानात होणारे वाद्यवृंदाचे मोफत कार्यक्रम, आणि दुसरी म्हणजे ग्रंथालय. त्या ग्रंथालयात त्याला शेक्सपिअर भेटला. शाळेत ‘ज्यूलियस सीझर’ या नाटकातील भाषणे त्याने पाठ केली. रोमच्या चौकात उभे राहून हजारोंच्या जमावाला क्षणात रडविणारा आणि क्षणात पेटविणारा अँटनी त्याच्या मनात कायमचा घर करून बसला. ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जात नव्हती, त्या मुलाला इंग्रजी भाषेतील सर्वांत समृद्ध वाणीचा असा लळा लागला. शेक्सपिअर हा विद्वानांचाच कवी, ही समजूत त्याच्या मनाला कधी शिवलीच नाही. ती शिवण्याचे कारणही नव्हते. चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या ग्लोब नाटकगृहात एक पेनी देऊन मोकळ्या अंगणात उभे राहून नाटक पाहणारे शिकाऊ कारागीर आणि मजूर हेच शेक्सपिअरचे हक्काचे प्रेक्षक होते. त्याच्या नाटकांत राजांच्या जोडीने थडगी खणणारे, पहारेकरी आणि विणकर वावरतात, ते उगाच नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात जोसेफ पॅप अमेरिकेच्या नौदलात होते. युद्धनौकेवर त्यांनी खलाशांसाठी करमणुकीचे कार्यक्रम बसविले. युद्ध संपल्यावर त्यांनी नाट्यकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे एका दूरचित्रवाणी कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाची नोकरी धरली. नोकरी पोटापुरती होती. मन दुसरीकडेच होते. १९५४ साली, न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतील एका चर्चच्या दालनात त्यांनी काही तरुण नटनटींना गोळा केले आणि शेक्सपिअरची नाटके बसविण्यासाठी एक कार्यशाळा सुरू केली. हाती पैसा नव्हता. एक जुने नाटकगृह पाडले जात असल्याचे समजताच त्यांनी तेथील खुर्च्या आणि लाकूडसामान मिळविले आणि चर्चच्या त्या दालनात रंगमंच उभा केला.

ही कार्यशाळा त्यांनी रीतसर सरकारदरबारी नोंदविली, ती मात्र व्यापारी मंडळी म्हणून नव्हे, तर नफा न घेणारी शैक्षणिक संस्था म्हणून. या दोहोंतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. व्यापारी नाटकमंडळीला खेळ रंगला तर नफा होतो आणि तो मालकांच्या पदरात पडतो. नफा न घेणाऱ्या संस्थेला मालक नसतो. तिच्या हाती येणारा प्रत्येक पैसा, मग तो देणगीचा असो, अनुदानाचा असो की उत्पन्नाचा असो, पुन्हा त्याच कार्यात खर्च व्हावा लागतो. अशी संस्था ‘या खेळातून किती मिळेल?’ असा हिशेब न करता ‘हा खेळ किती जणांपर्यंत पोहोचेल?’ असा हिशेब करू शकते. पॅप यांना असाच हिशेब करावयाचा होता.

१९५६ च्या उन्हाळ्यात त्यांना ईस्ट नदीच्या काठी असलेले, महापालिकेच्या उद्यानातील एक खुले नाट्यगृह वापरावयास मिळाले. भोवती कामगारांची दाट वस्ती होती. तेथे ‘ज्यूलियस सीझर’चे प्रयोग सुरू झाले. तिकीट नव्हते, निमंत्रण नव्हते, कपड्यांचा काही दंडक नव्हता. संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे लेकराबाळांसह येऊन बाकांवर बसू लागली. नदीतून बोटी भोंगे वाजवीत जात, तरीही लोक सीझरच्या खुनाच्या प्रसंगी श्वास रोखून बसत. ज्या वाणीला समजण्यास कठीण म्हणून पंडित मंडळी भाष्ये लिहीत, ती वाणी त्या बाकांवर बसलेल्या माणसांना परकी वाटली नाही. मित्राने मित्राचा केलेला घात समजण्यास भाष्य कशाला हवे?

तथापि, एका ठिकाणी नाटक करून सारे शहर नाटकापर्यंत येत नाही, हे पॅप यांनी ओळखले. न्यू यॉर्कचे पाच मोठे विभाग आहेत आणि त्यांतील पुष्कळ वस्त्या एकमेकींपासून कोसच्या कोस दूर आहेत. तेव्हा लोक नाटकाकडे येत नसतील तर नाटकाने लोकांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. १९५७ साली एका मोठ्या गाडीवर घडीचा रंगमंच बसविण्यात आला आणि ही फिरती रंगभूमी एका विभागातून दुसऱ्या विभागात जाऊ लागली. गाडी एखाद्या मैदानात थांबे, रंगमंच उलगडला जाई, दिवे लागत आणि ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’चा खेळ सुरू होई. असे सांगतात की, शेवटी शहराच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात, एका तळ्याच्या काठी, ती गाडी अशी काही मोडली की तिला पुढे हलविणेच अशक्य झाले. मग त्याच ठिकाणी नाटके होऊ लागली. गाडी मोडली आणि रंगभूमीला घर मिळाले!

हे घर मात्र सहजासहजी टिकावयाचे नव्हते. १९५८ साली पॅप यांना त्यांच्या राजकीय विचारांबद्दल संसदेच्या एका चौकशी समितीपुढे बोलावण्यात आले. आपल्या सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांची नोकरी गेली. लवादापुढे दाद मागितल्यावर ती परत मिळाली. हे वादळ शमते न शमते तोच पुढच्या वर्षी दुसरे उठले. न्यू यॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस हे त्या काळी शहरातील अत्यंत प्रबळ अधिकारी होते. शहरातील कितीतरी उद्याने, पूल, हमरस्ते आणि समुद्रकाठची स्नानस्थळे त्यांच्या कर्तृत्वाने उभी राहिली होती. प्रारंभी त्यांनीच पॅप यांना उद्यानात नाटके करण्यास परवानगी दिली होती. परंतु १९५९ साली त्यांनी सांगितले की, यापुढे प्रेक्षकांकडून १ आणि २ डॉलर असे तिकीट घेतले पाहिजे आणि त्या उत्पन्नाचा काही भाग उद्यान खात्याला दिला पाहिजे.

मोझेस यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. हजारो माणसे रोज एकाच जागी बसली की गवत तुडविले जाते, माती उघडी पडते आणि पावसाने वाहून जाते. कुंपण हवे, दिवे हवेत, स्वच्छतेची सोय हवी. या साऱ्याला पैसा लागतो. उद्यान हे नाटक न पाहणाऱ्यांचेही असते. मग जे नाटक पाहतात त्यांनी थोडा भार उचलला तर काय बिघडले? हा प्रश्न कोणत्याही समंजस माणसाच्या मनात यावा असाच होता.

पॅप यांचे उत्तर असे होते की, तिकीट लावताच ही रंगभूमी ज्यांच्यासाठी उभारली तेच तिच्यापासून दूर जातील. त्यांचे म्हणणे नीट विचारात घेण्यासारखे आहे. एक डॉलर ही रक्कम वरवर पाहता लहान वाटते. परंतु आईवडील आणि तीन मुले नाटकाला निघाली की ती पाचपट होते. शिवाय, ज्याने नाटकाचा आनंद पूर्वी कधी चाखला आहे, तो त्यासाठी चार पैसे आनंदाने मोजील. ज्याने नाटक कधी पाहिलेलेच नाही, तो मात्र न पाहिलेल्या गोष्टीसाठी घरातील पैसा कसा बाहेर काढील? म्हणजे तिकीट जे अडविते ते नेमके नव्या माणसाला. जुन्या रसिकाला त्याची झळ लागत नाही. बूट पुसून नाणी मिळविणाऱ्या मुलाला ग्रंथालयाने जर दाराशीच एक नाणे मागितले असते, तर तो शेक्सपिअरपर्यंत पोहोचलाच नसता, हे पॅप अनुभवाने जाणून होते.

वाद वाढला. वृत्तपत्रांतून लेख आणि पत्रे येऊ लागली. तळ्याकाठच्या हिरवळीवर बसून ज्यांनी नाटके पाहिली होती, त्या नागरिकांनी आपली बाजू मांडली. एवढ्या बलाढ्य अधिकाऱ्याशी भांडण्याइतका पैसा किंवा वशिला पॅप यांच्यापाशी नव्हता. त्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. खालच्या न्यायालयात ते हरले. परंतु वरच्या न्यायालयाने जून १९५९ मध्ये एकमताने निकाल दिला की, तिकीट लावण्याची ही सक्ती मनमानी आणि गैरवाजवी आहे. त्याचबरोबर, उद्यानाला प्रत्यक्ष सोसावा लागणारा खर्च भरून मागता येईल, असेही न्यायालयाने सुचविले. त्याप्रमाणे मोझेस यांनी २०,००० डॉलर मागितले. दोन उदार नागरिकांनी प्रत्येकी १०,००० डॉलर देऊन ती रक्कम भरली. गवताची काळजीही घेतली गेली आणि दारही उघडे राहिले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेंट्रल पार्कमध्ये जे नाटक झाले, ते होते ‘ज्यूलियस सीझर’.

या प्रकरणाचा शेवट आणखी विशेष आहे. ज्या मोझेस यांच्याशी तंटा झाला, त्यांनीच पुढे उद्यानात कायमचे नाट्यगृह बांधण्याच्या योजनेला पाठिंबा दिला. महापालिकेने पैसा दिला; जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकाने मोठी देणगी दिली. १९६२ च्या जूनमध्ये तळ्याकाठी खुले नाट्यगृह उभे राहिले आणि देणगीदाराच्या नावावरून त्याला डेलाकोर्ट नाट्यगृह असे नाव मिळाले. त्याला छप्पर नाही. मागे तळे, झाडी आणि एका टेकाडावरचा चिमुकला दगडी किल्ला हेच त्याचे पडदे. कधी प्रयोग चालू असता चंद्र उगवतो, कधी पाखरे आडवी जातात, कधी पावसाची सर येते. उद्घाटनाला ‘व्हेनिसचा व्यापारी’ हे नाटक झाले.

त्या नाटकात मोरोक्कोच्या राजपुत्राची भूमिका करणारा एक उंचापुरा कृष्णवर्णी तरुण होता. त्याचे नाव जेम्स अर्ल जोन्स. लहानपणी तो इतका तोतरे बोलत असे की, लोक हसतील या भीतीने त्याने कित्येक वर्षे जवळजवळ मौनच धरले होते. शाळेतील एका शिक्षकांनी त्याला कविता मोठ्याने म्हणावयास लावून हळूहळू बोलते केले. ज्या काळी कृष्णवर्णी नटांना बहुधा नोकराचाकरांच्याच भूमिका मिळत, त्या काळी पॅप यांनी त्याला शेक्सपिअरच्या नाटकांत मोठमोठ्या भूमिका दिल्या. १९७३ साली याच खुल्या नाट्यगृहात तो किंग लिअर झाला. पुढे त्याचा धीरगंभीर आवाज साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला. ‘सर्वांसाठी रंगभूमी’ या शब्दांचा अर्थ केवळ प्रेक्षकांपुरता नाही, हे यावरून दिसून येते. समोर सारे शहर बसावयाचे असेल, तर रंगमंचावरही सारे शहर दिसले पाहिजे. आपल्यासारखा एकही चेहरा जेथे दिसत नाही, ते दार उघडे असले तरी माणसाला आत जावेसे वाटत नाही.

पैसा ही दाराची एक कडी झाली. परंतु दाराला कड्या अनेक असतात. वस्ती दूर असणे ही एक. भाषा न समजणे ही दुसरी. ‘हे आपल्यासारख्यांसाठी नव्हे’ हा मनातील संकोच ही तिसरी, आणि कदाचित सर्वांत भक्कम. १९६४ साली फिरत्या रंगभूमीची गाडी पुन्हा सुरू झाली आणि वस्त्यावस्त्यांतील क्रीडांगणांवर जाऊ लागली. पोर्टो रिको बेटावरून आलेल्या हजारो कुटुंबांसाठी स्पॅनिश भाषेतही प्रयोग होऊ लागले. एकेक कडी अशी एकेका उपायाने काढावी लागली.

उन्हाळा संपला की उद्यानातील नाट्यगृह बंद होई. बारा महिने चालेल असे छपराखालचे घर हवे होते. ते ज्या रीतीने मिळाले, ती गोष्ट मोठी हृद्य आहे. न्यू यॉर्कमध्ये लाफायेट रस्त्यावर लाल दगडविटांची एक भव्य जुनी इमारत होती. धनाढ्य व्यापारी जॉन जेकब ॲस्टर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून ती उभारली गेली आणि १८५४ साली तेथे लोकांसाठी ग्रंथालय उघडले. ते ग्रंथालय पुढे नव्या जागी गेले. १९२१ पासून त्या इमारतीत ज्यू निर्वासितांना साहाय्य करणारी एक संस्था काम करू लागली. देशोधडीला लागलेल्या असंख्य माणसांना तेथे निवारा आणि अन्न मिळाले. १९६५ च्या सुमारास ही संस्थाही दुसरीकडे गेली आणि इमारत पाडली जाण्याची वेळ आली. पॅप यांनी धडपड करून ती वाचविली. ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘हेअर’ या नव्या संगीत नाटकाने तेथे ‘पब्लिक थिएटर’चा, म्हणजे लोकांच्या नाट्यगृहाचा, प्रारंभ झाला. ज्या भिंतींनी आधी पुस्तके सांभाळली आणि नंतर निराश्रितांना आधार दिला, त्यांनी आता नाटक सांभाळावयाचे होते. ग्रंथालयात शेक्सपिअर वाचलेल्या निर्वासिताच्या मुलाला यापेक्षा योग्य वास्तू कोणती मिळणार होती?

तरीही पैशाची अडचण सुटली नव्हती. प्रेक्षकाला नाटक मोफत मिळते, याचा अर्थ ते फुकट तयार होते असा नव्हे. नटांना वेतन द्यावे लागते. शिंपी, सुतार, रंगारी, दिवे सांभाळणारे, दाराशी उभे राहणारे या सर्वांना घरसंसार असतो. कोणी तरी खर्च सोसल्यावाचून मोफत असे जगात काहीच नसते. प्रश्न एवढाच असतो, की तो कोणी आणि कसा सोसावा. १९७१ साली महापालिकेने लाफायेट रस्त्यावरची ती इमारत विकत घेतली आणि वर्षाला अवघ्या १ डॉलर भाड्याने ती संस्थेलाच वापरावयास दिली. १९७५ साली संस्थेने ‘अ कोरस लाइन’ नावाचे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. मोठ्या नटांच्या मागे रांगेत उभे राहून नाचणाऱ्या, ज्यांची नावे कोणालाही ठाऊक नसतात अशा नर्तकनर्तकींच्या जीवनावर ते रचलेले होते. ते ब्रॉडवे या व्यापारी नाटकांच्या पेठेत गेले आणि १९९० पर्यंत तेथे त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. त्यातून आलेला पैसा व्यापारी मंडळीने वाटून घेतला असता. येथे तो नव्या लेखकांची नाटके बसविण्यासाठी आणि उद्यानातील मोफत प्रयोगांसाठी उपयोगी पडला. ज्यांनी तिकीट काढले, त्यांनी नकळत तिकीट न काढू शकणाऱ्यांसाठीही खुर्ची राखून ठेवली.

३१ ऑक्टोबर १९९१ रोजी जोसेफ पॅप यांचे निधन झाले. एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली संस्था तो माणूस गेल्यावर बहुधा मोडकळीस येते. ही संस्था टिकली, आणि नुसती टिकली नाही तर दाराच्या उरलेल्या कड्या शोधीत राहिली. फिरत्या रंगभूमीची प्रथा मध्यंतरी खंडित झाली होती. ती २०१० साली पुन्हा सुरू झाली. आता ती तुरुंगांत, बेघरांच्या निवाऱ्यांत, वाचनालयांत आणि वस्तीतील सभागृहांत जाते. तेथे मोठा रंगमंच नसतो, भपकेबाज देखावे नसतात. प्रेक्षक भोवती बसतात आणि नट त्यांच्यापासून दोन हातांवर उभे राहून बोलतात. ज्याला दाराबाहेर पडण्याचीच मुभा नाही, त्याच्याकडे नाटकाने चालत जावे, यात सर्वांसाठी असलेल्या कलेची खरी कसोटी आहे.

२०१३ साली संस्थेने आणखी एक पाऊल उचलले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, तुरुंगातून सुटून नव्याने आयुष्य सुरू करणारे लोक, वृद्ध, शाळकरी मुले अशा सुमारे २०० नागरिकांना थोड्या व्यावसायिक नटांच्या जोडीने रंगमंचावर उभे करून शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ या नाटकाचा संगीतमय प्रयोग डेलाकोर्ट नाट्यगृहात सादर करण्यात आला. दुसऱ्याच्या घरी दिवसभर राबणारी बाई संध्याकाळी तालमीला येई आणि वादळात सापडलेल्या गलबतावरची प्रवासी होई. नाटक पाहणे हा जसा सर्वांचा हक्क, तसा नाटक करणे हाही सर्वांचा हक्क, असा त्यामागील विचार होता.

डेलाकोर्टच्या मोफत तिकिटांसाठी कित्येक वर्षे उद्यानात भल्या पहाटेपासून लांबच लांब रांग लागत आली आहे. माणसे सतरंज्या अंथरून बसतात, पुस्तके वाचतात, शेजाऱ्याशी ओळख करून घेतात आणि दुपारी तिकिटे वाटली जाईपर्यंत वाट पाहतात. रांगेत गरीब आणि श्रीमंत एकामागे एक उभे असतात, यात एक न्याय आहे. परंतु ज्याला दिवसाची रोजी बुडविता येत नाही, ज्याला दूरवरून येणे परवडत नाही किंवा ज्याचे पाय थकले आहेत, त्याला रांगही तिकिटाइतकीच महाग पडते. म्हणून काही तिकिटे शहराच्या निरनिराळ्या विभागांत वाटण्यात येऊ लागली. काहींसाठी सोडत ठेवण्यात आली. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी काही प्रयोगांत हातांच्या खुणांच्या भाषेतून संवाद सांगितले जातात. अंधांसाठी रंगमंचावर काय घडते याचे वर्णन कानाशी ऐकविले जाते. जुने झालेले नाट्यगृह दुरुस्त करून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडण्यात आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांची, आणि तशाच नटांचीही, अधिक चांगली सोय करण्यात आली. नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतींना जे लाकूड बसविले, ते शहरातील इमारतींच्या गच्चीवरून काढलेल्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचे होते. पाडलेल्या नाटकगृहाच्या खुर्च्या गोळा करून सुरू झालेल्या संस्थेला हे शोभण्यासारखेच होते.

१९६२ पासून आतापर्यंत ५० लाखांहून अधिक लोकांनी या खुल्या नाट्यगृहात एक पैसाही न देता नाटके पाहिली आहेत. त्यांतील कित्येकांनी आयुष्यातील पहिले नाटक तेथेच पाहिले असेल. अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या पुढे नाटकाची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु माणूस केवळ पोटाने जगत नाही. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून यावे, दुसऱ्याच्या फजितीत आपलीच फजिती ओळखून हसावे, अंधारात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या काळजाचा ठोका आणि आपल्या काळजाचा ठोका क्षणभर एक व्हावा, ही भूकही त्याला असते. ही भूक खिसा पाहून लागत नाही. मग ती भागविणारे दार खिसा पाहून का उघडावे?

अशी दारे आपोआप उघडी राहत नाहीत. एखाद्या वर्षी गवताचे कारण निघते, एखाद्या वर्षी तिजोरीचे. कधी रांग आडवी येते, कधी पायरी. म्हणून ती उघडणाऱ्या माणसाइतकेच, ती उघडी ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या माणसांचे मोल आहे: खटल्याच्या वेळी पत्रे लिहिणाऱ्या नागरिकांचे, देणगीदारांचे, भाडे नाममात्र घेणाऱ्या महापालिकेचे, आणि भर पावसात दिवे झाकून सर ओसरताच पुन्हा खेळ सुरू करणाऱ्या कामगारांचेही. शहराची थोरवी त्याच्या उंच इमारतींवरून मोजण्याची रीत आहे. जेथे बूट पुसणाऱ्या मुलालाही राजाचे स्वगत ऐकावयास मिळते, ते शहर मात्र याहून उंच मापाने मोजावे लागेल.